रिपोर्ट नॉर्मल आला, म्हणून दुखणं खोटं का?

कुणी तांदूळ निवडत बसली असेल, कुणी धारा काढून नुकती आत आली असेल. काम चालू राहू द्या, कान तेवढा इकडे द्या. आज आम्ही मेंदूबद्दल बोलणार आहोत. विषय डॉक्टरांचा वाटेल, पण तो आमच्या बचत गटाच्या बैठकीतूनच निघाला. कसा, ते आधी सांगतो.

मागच्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका मैत्रिणीनं आठ हजारांचं कर्ज मागितलं. नाव सांगत नाही, तिला विचारूनच ही गोष्ट सांगतोय. कर्ज कशाला, तर धाकट्या जावेच्या डोक्याचा एमआरआय काढायला. जाऊ चोवीस वर्षांची. सहा महिन्यांपासून रात्र रात्र झोपत नव्हती. भिंतीकडे तोंड करून कुणाशी तरी बोलायची. जेवणात काही घातलंय म्हणून ताट सारायची. आधी उतारे झाले, गंडेदोरे झाले, देवऋषी झाला. मग कुणीतरी म्हणालं, ‘डोक्याचा फोटो काढा, म्हणजे खरं काय ते कळेल.’

गटानं कर्ज दिलं. एमआरआय झाला. रिपोर्ट आला: सगळं नॉर्मल.

आता तुम्ही म्हणाल, बरंच झालं की. पण त्या घरात काय झालं ऐका. सासूबाई म्हणाल्या, ‘बघा, मशीननंसुद्धा सांगितलं. काही झालेलं नाही हिला. कामाच्या नावानं नाटकं आहेत.’ नवऱ्यानं तिला माहेरी नेऊन सोडायची तयारी केली. आठ हजार रुपयांचा तो कागद पोरीच्या बाजूनं बोलेल असं वाटलं होतं, तो उलटाच फिरला. आणि खरं सांगतो, आमच्यातल्याही दोघी-तिघींच्या मनात तेच आलं. मशीनला दिसत नाही, म्हणजे आजार नसेलच.

मग गटातल्या दोघी तिच्याबरोबर जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे गेल्या. तिथे कळलं की आपलं चुकलं कुठे. त्यानंतर आम्ही विचारत गेलो, वाचत गेलो, समजून घेत गेलो. तेच आज तुमच्यापुढे ठेवतो.

मेंदू साधारण सव्वा ते दीड किलोचा असतो. त्यात ढोबळमानानं दोन रंगांचे भाग असतात. एक करडा, एक पांढरा. करड्या भागात पेशींची गर्दी असते. विचार, हिशोब, आठवण ही कामं तिथे चालतात. पांढऱ्या भागात असतात त्या पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या तारा. घरात पंखा एकीकडे, बटण दुसरीकडे, आणि मधून वायर जाते ना, तसंच. त्या तारांवर चरबीसारख्या पदार्थाचं वेष्टन असतं. वायरवर प्लास्टिक असतं तसं. त्या चरबीमुळेच तो भाग पांढरा दिसतो. वेष्टन असलं की निरोप फार वेगानं धावतो. सगळ्यात जलद तारांमधून तो एका सेकंदात शंभर मीटर जाऊ शकतो.

या तारा किती असतील? विशीतल्या बाईच्या मेंदूतल्या अशा सगळ्या तारा एकीपुढे एक ठेवल्या, तर जवळपास दीड लाख किलोमीटर भरतील, असा शास्त्रज्ञांचा हिशोब आहे. पृथ्वीला साडेतीन वेढे घालून वर उरतील एवढ्या. त्यातला सगळ्यात मोठा जुडगा मेंदूच्या मधोमध असतो. उजव्या आणि डाव्या अर्ध्या मेंदूला जोडणारा तो पूल. डॉक्टर त्याला कॉर्पस कॅलोझम म्हणतात, आपण पूलच म्हणू.

हे वेष्टन जन्मतः पूर्ण नसतं. लहानपणापासून ते चढत जातं आणि विशी ओलांडली तरी काम चालूच असतं. म्हणजे नेमकं त्याच वयात, जेव्हा आपल्या मुलींची लग्नं होतात, मुलगे कामाला शहरात जातात. स्किझोफ्रेनिया आणि बायपोलरसारखे आजारही बहुतेक वेळा याच वयात डोकं वर काढतात. म्हणून लोकांना वाटतं, लग्न मानवलं नाही, सासरचं वारं लागलं, शहरात कुणी काही केलं.

आता ते आजार कोणते? स्किझोफ्रेनियात माणसाला नसलेले आवाज ऐकू येतात, नसलेले संशय खरे वाटतात. बायपोलरमध्ये काही दिवस अंगात वारं भरल्यासारखा जोर येतो, झोप नको, पैसा उधळायचा, बोलणं थांबत नाही. आणि काही दिवस उठवत नाही इतकी उदासी येते. डिप्रेशन म्हणजे नैराश्य, ते तर आपल्यापैकी कितीतरी जणींनी जवळून पाहिलं आहे. चौथा ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता. तो लहानपणापासूनच असतो. मूल नजरेला नजर देत नाही, बोलायला उशीर होतो, आपल्याच नादात असतं.

या चौघांचा मेंदूतल्या तारांशी काय संबंध, हे पाहायला जपानमध्ये एक मोठा अभ्यास झाला. तो २०२० साली छापून आला. एकूण २९३७ माणसांच्या मेंदूची मोजणी केली. त्यात स्किझोफ्रेनिया असलेले ६९६, बायपोलरचे २११, ऑटिझमचे १२६, डिप्रेशनचे ३९८ आणि यांपैकी काहीच नसलेले १५०६ जण होते.

मोजलं कसं? मशीन एमआरआयचंच, पण मोजायची पद्धत वेगळी. कडब्याची पेंढी डोळ्यांपुढे आणा. तिच्यावर पाणी ओतलं तर ते ताटांच्या लांबीनं पुढे पळतं, आडवं फारसं जात नाही. पेंढी घट्ट बांधलेली, ताटं एका दिशेला असतील तर पाणी सरळ जातं. पेंढी सैल असेल, ताटं वेडीवाकडी असतील तर पाणी इकडेतिकडे पसरतं. मेंदूतही पाणी असतं. ते तारांच्या दिशेनं किती सरळ सरकतं आणि आडवं किती पसरतं, हे त्या पद्धतीनं मोजता येतं. त्यावरून तारांच्या जुडग्याची घडण कशी आहे याचा अंदाज बांधतात. अंदाज म्हणतो, कारण पाणी पसरण्याची कारणं अनेक असू शकतात.

त्यात काय आढळलं? स्किझोफ्रेनिया, बायपोलर आणि ऑटिझम या तिन्हींत त्या मधल्या पुलामध्ये सारखाच फरक दिसला. स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर या दोन्हींत भावना आणि आठवणी यांच्या वाटांवरही सारखे फरक दिसले. काही तारांमधला फरक मात्र फक्त स्किझोफ्रेनियात दिसला. आणि डिप्रेशनच्या गटात ठळक असा फरक दिसलाच नाही.

यातून आम्हाला दोन गोष्टी उमगल्या. पहिली, हे आजार अंगात आलेलं काही नाही आणि नाटकही नाही. शेकडो माणसांचे मेंदू मोजले तर फरक मोजून दाखवता येतो. दुसरी, आजारांची नावं वेगळी असली तरी त्यांच्या मुळ्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत. आपल्याकडे नेहमी तक्रार असते, ‘एका डॉक्टरनं एक नाव सांगितलं, दोन वर्षांनी दुसऱ्यानं दुसरं सांगितलं, कुणालाच काही कळत नाही.’ तसं नसतं, बायांनो. सुरुवातीला दोन आजार एकमेकांसारखे दिसू शकतात. काळ गेला, लक्षणं उलगडली, की नाव बदलू शकतं. नाव बदललं म्हणून उपचार सोडायचे नसतात.

हे सगळं बैठकीत सांगितलं तेव्हा बायांनी प्रश्नांचा भडिमार केला. त्यातले चार प्रश्न तुमच्याही मनात असतील.

पहिला प्रश्न: मग आपणही तो वेगळा एमआरआय काढू या का? त्यात आजार दिसेल.

नाही दिसणार. का, ते एका उदाहरणानं सांगतो. गावातल्या सगळ्या पुरुषांची आणि सगळ्या बायकांची उंची मोजली, तर पुरुषांची सरासरी जास्त भरेल. हे खरं आहे. पण मी तुम्हाला फक्त एवढंच सांगितलं की एका माणसाची उंची पाच फूट चार इंच आहे, तर ती बाई की बाप्या, हे छातीठोक सांगाल का? उंच बायका असतात, बुटके पुरुष असतात. मेंदूतल्या तारांचा फरक तर या उंचीच्या फरकाहून पुष्कळच लहान आहे. आजार नसलेल्या कितीतरी जणांचे आकडे आजार असलेल्यांसारखे असतात, आणि उलटही. शिवाय वय, सिगारेट, चालू असलेली औषधं यांमुळेही हे आकडे बदलतात. म्हणून शेकडो माणसांच्या सरासरीत जे दिसतं, ते एका माणसाच्या फोटोत सांगता येत नाही.

आणि साधा एमआरआय तर असं काही मोजतच नाही. तो गाठ, रक्तस्राव, सूज, जुना मार अशा गोष्टी दाखवतो. ‘नॉर्मल’ याचा अर्थ एवढाच, की गाठ नाही, रक्तस्राव नाही. मन ठीक आहे असं त्या कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं. आमच्या मैत्रिणीच्या सासूबाईंनी जे वाचलं, ते त्या कागदावर नव्हतंच.

मग एमआरआय कधीच काढायचा नाही का? काढायचा, पण डॉक्टरांनी सांगितल्यावर. फिट येत असतील, डोक्याला मार बसला असेल, एका बाजूचे हातपाय लुळे पडत असतील, किंवा म्हातारपणी अचानक वागणं बदललं असेल, तर डॉक्टर स्वतःच सांगतात. आपल्या मनानं, कर्ज काढून नको.

दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा होता. एकीनं हळूच विचारलं: डिप्रेशनमध्ये तारांत फरक दिसला नाही, म्हणजे ते मनाचेच खेळ ना?

हा प्रश्न विचारणारीच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून आम्ही तो मोठ्यानं सांगतोय. नाही बाई, तसं नाही. एका अभ्यासात फरक दिसला नाही, याचा अर्थ त्या मोजपट्टीनं तो टिपला गेला नाही. त्याच वर्षी अनेक देशांतल्या शास्त्रज्ञांनी मिळून डिप्रेशनचे १३०५ आणि ते नसलेले १६०२ लोक मोजले. त्यात फरक दिसले, पण अगदी बारीक. आणि समजा, तेही दिसले नसते, तरी काय? बाळंतकळा कुठल्या फोटोत दिसतात? म्हणून त्या खोट्या ठरतात का? भूक लागत नाही, झोप येत नाही, पोरं समोर असून जीव नकोसा वाटतो, हे ती स्वतः सांगतेय. आजार ओळखायला डॉक्टर तेच ऐकतात. मानसोपचारात मुख्य तपासणी म्हणजे शांतपणे विचारणं आणि ऐकणं.

तिसरा प्रश्न: वायरिंगमध्येच फरक आहे, म्हणजे आता जन्माचं झालं का?

हा गैरसमज पहिल्याइतकाच घातक. फरक म्हणजे तुटलेली तार नव्हे. आणि मेंदूतल्या तारा घरातल्या वायरसारख्या एकदा बसवल्या की तशाच राहात नाहीत. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला २००९ साली शास्त्रज्ञांनी तरुण माणसांना सहा आठवडे चेंडू हवेत उडवून झेलायला शिकवलं, जत्रेतले खेळवाले झेलतात तसे. आधी आणि नंतर मेंदू मोजला. एवढ्याशा सरावानं त्यांच्या मेंदूच्या पांढऱ्या भागात बदल दिसला. चेंडू झेलून आजार बरा होतो असं आम्ही म्हणत नाही हं. पण मोठ्या माणसाचा मेंदूही बदलतो, एवढं त्यातून कळतं. औषधं, समुपदेशन, झोप, रोजचं काम, घरच्यांची माया यांनी कितीतरी माणसं सावरतात. काहींना औषध लांबपर्यंत घ्यावं लागतं, साखरेच्या आजाराला लागतं तसं. साखरेची गोळी घेणाऱ्या सासऱ्यांना आपण वेडं म्हणत नाही.

चौथा प्रश्न: मग दोष कुणाचा?

हा प्रश्न जगभर विचारला गेला आणि बोट बहुतेक वेळा बाईकडेच वळलं. १९४८ साली अमेरिकेतल्या एक नामवंत मानसोपचारतज्ज्ञ, फ्रीडा फ्रॉम-राइशमन यांनी स्किझोफ्रेनियाचं कारण आईच्या वागण्यात शोधलं. ऑटिझमबाबतही मुलांच्या आयांना ‘थंड, माया नसलेल्या’ म्हटलं गेलं. किती आयांनी वर्षानुवर्षं स्वतःला कोसलं असेल! पुढे अभ्यास होत गेले तशा त्या दोन्ही समजुती टाकून द्याव्या लागल्या. आज आपल्याकडे पांढऱ्या पायाची सून म्हणतात, करणी केली म्हणतात, लाडानं बिघडवलं म्हणतात. शब्द वेगळे, बोट तेच.

आनुवंशिकतेचा वाटा आहे, पण तोही पूर्ण नाही. अगदी एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला स्किझोफ्रेनिया झाला, तरी निदान निम्म्या वेळा दुसऱ्याला तो होत नाही. वंश, गर्भातली वाढ, लहानपणचे आघात, ताण, व्यसनं, अशा अनेक गोष्टी मिळून आजार होतो. आईचं किंवा सुनेचं एकटीचं त्यात काही नसतं.

आता करायचं काय, ते नीट ऐका.

घरात कुणी आठ-पंधरा दिवस झोपत नसेल, एकट्यानं बोलत असेल, उगाच संशय घेत असेल, किंवा सगळ्यातूनच मन काढून घेत असेल, तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात न्या. आशाताईंना सांगितलं तर त्या वाट दाखवतील. जाताना कधीपासून काय काय होतंय, ते कागदावर लिहून न्या. तो कागद डॉक्टरांच्या फार उपयोगाचा असतो.

घरून निघणं जमत नसेल तर १४४१६ हा नंबर फिरवा. ही सरकारची टेलि-मानस सेवा आहे. पैसे लागत नाहीत, दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येतं.

बाळंतपणानंतर बाई अचानक असंबद्ध बोलू लागली, बाळाला काही करीन म्हणू लागली, तर थांबू नका. त्याच दिवशी दवाखान्यात न्या. कुणी जीव द्यायची भाषा करत असेल तर ‘नुसतं म्हणतेय’ असं म्हणून सोडू नका. तिला एकटीला ठेवू नका आणि फवारणीचं औषध कुलपात ठेवा.

बरं वाटायला लागलं की गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका. दिवस गेले असतील तरी आधी डॉक्टरांना विचारा, मग काय ते ठरवा.

आणि कुणी बांधून ठेवा, साखळी घाला, मारून भूत काढा असं सांगितलं, तर ठणकावून नाही म्हणा. मानसिक आजार असलेल्या माणसाला साखळीनं बांधायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं बंदी आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं हा आपल्या महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. देवाला जरूर जा, नमस्कार करा, मनाला आधार मिळतो. पण गोळी चुकवू नका.

आता त्या जावेचं काय झालं, ते विचारणार तुम्ही. तिला माहेरी सोडलं नाही. डॉक्टरांनी सासूबाईंना समोर बसवून रिपोर्टचा अर्थ सांगितला, तेव्हा त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘मला वाटलं मशीनला सगळं दिसतं.’ औषध सुरू होऊन आता आठ महिने झाले. ती अगदी पहिल्यासारखी झाली असं नाही. काही दिवस तिला सकाळी उठवत नाही. गोळ्यांनी जडपणा येतो, तेही डॉक्टरांना सांगितलंय. पण आवाज कमी झालेत, ताटातलं जेवते, आणि आठवड्यातून दोन-तीनदा शिवणाच्या मशीनवर येऊन बसते. सासूबाई रात्री गोळी हातावर ठेवतात.

एमआरआयच्या कर्जाचे अजून दोन हप्ते राहिलेत. ते आठ हजार वाचले असते, असं आमची मैत्रीण अजून म्हणते. आम्ही तिला म्हणतो, तुझे गेले, पण हे ऐकून आणखी कुणाचे वाचतील.

तर मैत्रिणींनो, येत्या बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं काढा. आपल्या गावात असं कोण आहे, जिच्याशी लोकांनी बोलणं सोडलंय, ते आठवा. दोघी जणी तिच्या घरी जा. सल्ला देऊ नका, नुसत्या बसा, चहा घ्या, तिचं ऐका. निघताना तिच्या घरच्यांना १४४१६ हा नंबर लिहून द्या.

पुढच्या वेळी पुन्हा भेटू. तोवर जपा स्वतःला आणि एकमेकींना. नमस्कार.